विषाणूविना दिवस

माझ्या व्याह्यांइतका सुरक्षित माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. या माणसाला आयुष्यात कधी विजेचा झटका बसलेला नाही, चहाने जीभ पोळलेली नाही, केळीच्या सालीची गोष्ट सोडाच, पण ओल्या फरशीवरूनही कधी पाय घसरलेला नाही. लग्न सोडलं तर बेसावधपणे त्यांनी एकही गोष्ट केलेली नाही, असं आमच्या विहीणबाई म्हणतात; आणि त्यावर व्याही चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणतात, "त्याचीसुद्धा पूर्वतपासणी झाली होती."

आमची पहिली भेट मला लख्ख आठवते. मुलाकडची मंडळी मुलुंडहून आमच्या गोरेगावच्या घरी आली होती. पोहे झाले, चहा झाला, आमची मुग्धा आणि त्यांचा मुलगा एकमेकांना आधीच पसंत असल्यामुळे दोघं उगाच लाजण्याचा अभिनय करून थकले, आणि आता मोठ्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं अशी वेळ आली. व्याही उठून उभे राहिले आणि म्हणाले, "स्वयंपाकघर कुठे आहे?" हे गृहस्थ आत गेले, ओट्यापाशी वाकले, चष्मा कपाळावर चढवून शेगडीमागच्या गॅसच्या नळीवरचं साल वाचलं आणि बाहेर येऊन निकाल दिला, "नळी उद्याच्या उद्या बदला. बाकी स्थळ उत्तम आहे." मी नळी बदलली आणि तिसऱ्या दिवशी लग्न ठरलं. लग्नात होम पेटवायच्या आधी त्यांनी भटजींना विचारलं, "विझवायची सोय काय?" चाळीस वर्षं लग्नं लावलेल्या त्या बिचाऱ्या माणसाने पळी-पंचपात्राकडे बोट दाखवलं. दोन मिनिटांत व्याह्यांनी वाळूने भरलेली लाल बादली बोहल्याशेजारी आणून ठेवली. मुग्धाच्या लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या एकूण एक फोटोत ती बादली आहे. आमच्या नात्यातल्या एका परदेशी वाढलेल्या मुलीला तर तो विधीचाच भाग वाटला आणि तिने आपल्या लग्नात तशी बादली मागवली म्हणे.

हे सगळं कुठून आलं, तर नोकरीतून. ट्रॉम्बेच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. तिथे फाटकावर एक मोठा फलक असे: 'अपघाताविना दिवस'. त्यापुढचा आकडा रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने बदलत. मग निवृत्त झाले, म्हणजे कारखाना निवृत्त झाला; हे तसेच राहिले. सोसायटीच्या जिन्यात कुणी भेटलं की लोक "काय, कसं काय" म्हणतात, हे म्हणतात, "कठडा, कठडा." रिक्षात बसण्याआधी ते रिक्षाभोवती एक चक्कर मारतात. एकदा मी सोबत असताना एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सांगितलं, "काका, देव मागे नाय, इथे पुढे लावलाय." "देव नाही, चाकाचा नट बघतोय," व्याही म्हणाले. आणि खरोखरच एक नट सैल निघाला. हीच तर पंचाईत आहे. आपण हसायला तोंड उघडावं आणि नट सैल निघावा, असं या माणसाच्या बाबतीत नेहमी होतं.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयांनी, घरात वापरायला म्हणून टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घेतला. व्याह्यांनी त्यावर पुस्तक लिहायला घेतलं. विषय अर्थातच घरातले धोके. दोन्ही हातांच्या दोन तर्जन्यांनी, बाकीची आठ बोटं संपावर गेल्यासारखी वर धरून, ते रोज सकाळी दीड तास टाइप करत. तीन प्रकरणं झाली आणि एके दिवशी कॉम्प्युटर उघडला तर सगळ्या फोल्डरांच्या पायाशी एकेक वाकडा बाण येऊन बसलेला. उघडायला जावं तर आत काही नाही. स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला भाई आला, त्याने नाडी न बघताच सांगितलं, "व्हायरस आहे, काका. फॉरमॅट मारावा लागेल." मारला. पंधरा दिवसांत पुन्हा बाण. पुन्हा फॉरमॅट. या वेळी तर दुरुस्तीवाला जिना उतरून खाली पोचेपर्यंत बाण परत, कारण नव्याने सगळं बसवलेल्या त्या बिनकपड्याच्या यंत्राला त्याने आधी इंटरनेट लावलं होतं आणि संरक्षण मागाहून टाकणार होता. तिसऱ्या खेपेला त्याने दारातूनच "फॉरमॅट" म्हटल्यावर व्याह्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तो येतो कसा?"

"येतो, काका. सगळ्यांकडे येतो."

"आमच्याकडे क्लोरीनपण सगळ्यांकडे यायचा," व्याही म्हणाले. "तिथे 'येतो' म्हणून चालत नसे."

तिसऱ्यांदा कॉम्प्युटर नव्याने बसवला तो त्यांच्या देखरेखीखाली. इंटरनेटची वायर काढून खिळ्याला टांगली. आधी संरक्षणाचा प्रोग्राम, मग फक्त दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, उतरवून घेण्यापुरती वायर, आणि त्या चार तासांत त्या खोलीत कुणी यायचं नाही, मेल बघायची नाही, क्रिकेटचा स्कोअर तर नाहीच नाही. मग दोन खाती: एक मालकाचं आणि एक रोजच्या वापराचं. मालकाच्या खात्याचा पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात, पाकीट कपाटात. "रोजच्या खात्याला नवीन काही आणण्याचा, बसवण्याचा, बदलण्याचा अधिकार नाही," असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा जावई हळूच म्हणाले, "म्हणजे घरात माझं आहे तसं." दर रविवारी सगळ्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क विहीणबाईंच्या पितळी डब्यात, चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवायची.

आणि अर्थातच पाटी. एके रविवारी त्यांचा मला फोन आला, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. रंग आणि ब्रश घेऊन या." मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण निवृत्तीनंतर माझ्या अक्षराची आठवण ठेवणारा हा पहिलाच माणूस. मी खूश होऊन गेलो. काळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'विषाणूविना दिवस' लिहून दिलं आणि पुढची जागा खडूच्या आकड्यासाठी मोकळी सोडली. शिवाय एका फळीवर लाल रंगात पाच नियम लिहिले. तिसरा असा: 'बाहेरची पेन ड्राइव्ह नोंदीशिवाय लावू नये.' दोन्ही वस्तू कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर लागल्या. या नोंदीसाठी एक वही होती, तिला सात रकाने होते, त्यानंतर पेन ड्राइव्हची दोनदा तपासणी आणि मधे वीस मिनिटं 'निरीक्षण'. एकूण चाळीस मिनिटं लागत. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई एकदा पत्रिका छापायला म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन आल्या, त्यांनी वही बघितली आणि सांगितलं, "राहू दे हो, मी हातानेच काढते."

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सराव असे. व्याही शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की जावयांनी इंटरनेटची वायर उपटायची, मुग्धाने मेन स्विच बंद करायचा आणि सगळ्यांनी गॅलरीत जमायचं. एकदा मी सहज डोकावायला गेलो होतो आणि शिट्टी झाली. गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी आम्ही ओळीने उभे राहिलो. विहीणबाई हातातल्या पिठासकट आल्या होत्या. व्याह्यांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं, "एकोणीस सेकंद. पाहुणे एक. उपस्थित." विहीणबाई मला म्हणाल्या, "भूकंपात सापडले ना, तरी पहिल्यांदा हे माझी हजेरी घेतील बघा." पण पाटीवरचा आकडा वाढत होता हे खरं. पन्नासाव्या दिवशी शिरा झाला. शंभराव्या दिवशी पुस्तक छापखान्यात द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि आता घरातली सगळीच माणसं सकाळी चहाआधी पाटी बघू लागली होती. मुग्धा मला फोनवर "बाबा, बरे आहात ना" च्या आधी आकडा सांगायची.

सत्त्याऐंशीव्या दिवशी मी तिथे गेलो. शनिवार होता. मला दुपारी साडेबाराला ठाण्याहून कोकणात जायची गाडी होती. तिकीट शेजाऱ्याने काढून दिलेलं. मोबाइलवर दाखवलं तरी चालतं असं सगळे सांगत होते, पण तिकीट हातात कागदावर असल्याशिवाय आपण प्रवास करतोय असं मला वाटतच नाही. आमच्याकडच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधली शाई संपलेली. त्याने ते पेन ड्राइव्हवर टाकून दिलं. लिंक रोडच्या बसने मी मुलुंडला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. व्याही गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची झाकणं तपासायला गेलेले, विहीणबाई बाजारात, जावई बाहेर. मुग्धा स्वयंपाकघरात माझ्या गाडीच्या डब्यासाठी पोळ्या लाटत होती. सकाळी तिने ऑफिसचं काहीतरी काम केलं होतं, त्यामुळे कॉम्प्युटर चालूच होता.

मी वहीकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. समोर माझ्याच हातचा नियम तिसरा. 'नोंदीशिवाय'मधली दुसरी वेलांटी मला अजूनही सुरेख वाटते. मी पेन ड्राइव्ह लावली. तिकिटाच्या फोल्डरच्या पायाशी वाकडा बाण होता, तो मला दिसला. दिसलाच नाही असं आता म्हणण्यात अर्थ नाही. मी दोनदा टिचकी मारली. पडद्यावर लाल चौकट आली. तिच्यात इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं आणि खाली दोन बटणं होती, एक 'थांबवा' अशा अर्थाचं आणि एक 'चालू द्या' अशा अर्थाचं. गाडी गाठायची होती. मी 'चालू द्या' दाबलं. प्रिंटरमधून तिकीट आलं, मी ते घडी घालून खिशात ठेवलं, पेन ड्राइव्ह काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन मुग्धाला म्हटलं, "भाजी कसली केलीस गं?"

तिसऱ्या दिवशी गावी तिचा फोन आला. "बाबा, शून्य झालं."

"काय सांगतेस!" मी म्हटलं. आवाज बराच खरा आला असावा.

"पुस्तकसुद्धा गेलं. म्हणजे त्याआधीच्या रविवारची नक्कल आहे, पण त्यानंतरचं अख्खं प्रकरण गेलं."

"कुठलं प्रकरण?"

"पाहुणे आणि त्यांच्यापासून संभवणारे धोके."

मग म्हणाली, "चौकशी चालू आहे. त्या दिवशी सकाळी मीच बसले होते ना त्याच्यावर. कदाचित माझंच काहीतरी चुकलं असेल." आणि एवढ्यावर, साठी ओलांडलेल्या, पोरांनी खरं बोलावं म्हणून त्यांना पट्ट्या मारलेल्या या माणसाने आपल्या एकुलत्या एक मुलीला काय सांगावं? "व्हायरसच तो. हवेतूनसुद्धा येत असेल गं." फोन ठेवल्यावर मी पडवीत जाऊन बसलो. फणस उतरवायला आलेला गडी मला काहीतरी विचारत होता आणि मी त्याला हो हो म्हणत होतो. माझ्या डोळ्यांसमोर मुलुंडच्या त्या हॉलमध्ये मुग्धा खाली मान घालून उभी होती. आठ दिवस राहायचं ठरवून गेलो होतो, पाचव्या दिवशी परत आलो.

घरी बॅग टाकून तसाच मुलुंडला गेलो, तर त्याच संध्याकाळी अहवालाचं वाचन होतं. हॉलमध्ये खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. विहीणबाईंनी मला पाणी दिलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "बसा. अजून घसा खाकरून व्हायचाय." मग व्याह्यांनी घसा खाकरला, चष्मा लावला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. घटनेची वेळ, शनिवार, सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटं. कालावधी, दोन मिनिटं. प्रवेशाचा मार्ग, बाहेरून आलेली एक पेन ड्राइव्ह. वहीत नोंद नाही. संरक्षणाच्या प्रोग्रामने इशारा दिला होता, तो नाकारण्यात आला. माझे कान इतके तापले होते की व्याह्यांनी बघितलं असतं तर वाळूची बादली मागवली असती. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. 'मंडळी, माझं ऐका.' 'मंडळी' बरं की 'व्याही' बरं, एवढ्यावरच अडलो होतो.

"निष्कर्ष," व्याही वाचत होते. "सौ. मुग्धा हिचा या घटनेशी काहीही संबंध नाही. ही चूक नियम करणाऱ्याची, म्हणजे माझी. पेन ड्राइव्हच्या नोंदीला मी चाळीस मिनिटं ठेवली. ज्या नियमाला चाळीस मिनिटं लागतात तो नियम घाईतला माणूस मोडणारच. अन् घाई प्रत्येकाला असते. उपाय: आजपासून वही बंद. पेन ड्राइव्ह लावायच्या आधी मला फक्त एक हाक मारायची. मी गच्चीवर असलो तर वर बघून मारायची." मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "कुणाला काही विचारायचंय?"

"मी भाकऱ्या टाकू का?" विहीणबाईंनी विचारलं आणि सभा संपली.

व्याही गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर मागे घेत होतं आणि हे वरून तिच्या मागच्या दिव्याकडे बघत होते. मी जुळवलेलं वाक्य सगळं विसरून म्हणालो, "व्याही, ती पेन ड्राइव्ह माझी होती."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तुमच्या तिकिटाचं दुसरं पान प्रिंटरमध्ये राहिलं होतं, मास्तर. तुमचं नाव, वय, खालचा बर्थ." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी मुग्धाला दुसऱ्याच दिवशी दाखवलं. ती उगाच घाबरली होती. म्हणाली, बाबांना काही बोलू नका, त्यांना लागेल."

म्हणजे तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा पोरीला सगळं माहीत होतं. "माझंच काहीतरी चुकलं असेल" असं म्हणून ती थांबली होती ती माझ्यासाठी, मला बोलायला वाट मिळावी म्हणून. आणि मी तिला हवा दाखवली. मला गॅलरीचा कठडा धरावा लागला.

"मग अहवालात माझं नाव का नाही?" मी विचारलं. "तुम्ही तर खरं ते लिहिणारे."

स्कूटर निघून गेली. मग ते म्हणाले, "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक चौकशी केली होती. आमच्याकडे दोन व्हॉल्व्ह होते, शेजारी शेजारी, अगदी जुळे. एक पाण्याचा, एक ॲसिडचा. पहाटेच्या पाळीला एकाने चुकून भलताच फिरवला. दोघांचे हात भाजले. मी चार दिवस खपून अहवाल लिहिला. वेळ, पाळी, व्हॉल्व्हचा नंबर, माणसाचं नाव. अक्षर न् अक्षर खरं होतं. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला कामावरून काढलं. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आठ महिन्यांनी दुसऱ्या माणसाने तोच व्हॉल्व्ह फिरवला. मग आम्ही एकाला लाल रंग दिला. अर्ध्या तासाचं काम होतं, मास्तर. रंगाचा डबा पहिल्यापासून माझ्या खोलीत होता."

"आणि तो पहिला? त्याचं पुढे काय झालं?"

"पोलादपूरच्या बाजूचा होता. एकदा रजा काढून गेलो होतो मी शोधायला. गाव सापडलं. घराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, सुरतेकडे गेलेत सगळे."

"नाव काय होतं त्याचं?"

त्यांनी तोंड उघडलं. नाव ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

आम्ही तसेच उभे होतो. आतून भाकरीचा वास येत होता. मुग्धा दोनदा जेवायला बोलावून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने आमच्या दोघांच्या पाठींकडे बघितलं असावं, कारण तिसऱ्यांदा तिने हाक मारली नाही. ताटं झाकून ठेवली आणि आत वाट बघत बसली.